कढईचा कान

आमच्या ऑफिसात कुणाचं लग्न ठरलं, की आहेर काय द्यायचा यावर चर्चा होत नसे. चर्चेला वावच नव्हता. इतर सेक्शनांतून भिंतीवरची घड्याळं, लेमन सेट आणि दिवाणखान्यात धूळ खात बसणारे प्लॅस्टरचे हंस जात. आमच्या सेक्शनमधून जायची कढई, नाहीतर तवा, नाहीतर जाड बुडाचं पातेलं. काय न्यायचं ते अण्णा ठरवणार आणि आम्ही माना डोलावणार. बरं, तेही रंगीत कागदात गुंडाळून नाही. अण्णा कढई उघडीच हातात धरून कार्यालयात शिरायचे, रांगेत उभे राहायचे आणि स्टेजवर गेले की नवरीला म्हणायचे, "कान ओढून बघा." कानपिळीचा विधी मघाशीच उरकलेला नवरा बिचारा दचकून मागे सरकायचा.

अण्णा आमचे हेडक्लार्क. उंच, काटकुळे, बारा महिने पांढरा बुशशर्ट, आणि चेहऱ्यावर कायम, समोरचा माणूस स्वतःची फसवणूक करून घ्यायला निघाला आहे, असा भाव. फाइली ते चोख सांभाळत, पण त्यांचा खरा जीव भांड्यांत. कुणी नवी खोली घेतली, कुणाच्या घरी प्रेशर कुकर आला, कुणी सवलतीच्या जाहिरातीला भुलून पातळ पत्र्याचा डबा आणला, हे त्यांना जेवणाच्या सुट्टीत सांगावंच लागे. मग चौकशी सुरू व्हायची. माणसं किती, गॅस की स्टोव्ह, पोळ्या कोण करतं, डावखुरं कुणी आहे का. एकदा साहेबांनी हौसेने आपल्या बंगल्यातल्या नव्या स्वयंपाकघराचं वर्णन केलं, तर अण्णा म्हणाले, "ते झालं. बुडं कशी आहेत?" साहेबांनी पुढे तो विषय त्यांच्यासमोर कधी काढला नाही.

आहेरात ते सुरी मात्र कधी देत नसत. सुरी भेट दिली की नातं तुटतं, असं आपल्याकडे मानतात. अण्णा तसे कुठल्या देवाधर्माच्या वाटेला जाणारे नव्हते, पण याबाबतीत ते हटून बसायचे. "मी दिली तर नातं तुटेल आणि तुमची तुम्ही घेतलीत तर बोट तुटेल. तेव्हा घ्या तुम्हीच, मी बरोबर येतो," असं म्हणून ते शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की नव्या जोडप्याला घेऊन बोहरी आळीत जायचे. जाताना मंडईत थांबून एक चांगला पिकलेला टोमॅटो घ्यायचे आणि रुमालात धरायचे. दुकानात सुरी हातात आली की ती आधी बोटावर तोलून बघायची, मग पातं मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलं आहे का ते पाहायचं, आणि मग दुकानदाराच्या डोळ्यांदेखत टोमॅटो कापायचा. टोमॅटो दबला, की सुरी बाद. चकचकीत पात्याला ते भुलत नसत. लोखंडाचं पातं काळं पडेल, पुसून ठेवावं लागेल, पण धार धरेल, हे त्यांचं म्हणणं. ज्याला पुसायचा कंटाळा त्याने सरळ विळीवर चिरावं. एका दुकानदाराने तर त्यांना बघूनच सांगितलं होतं, "काका, आपल्याकडे भांडी मिळतात. कोशिंबीर समोरच्या खानावळीत." अण्णांनी टोमॅटोची अर्धी फोड त्याच्या गल्ल्यावर ठेवली आणि पुढची सुरी मागितली.

पण त्यांचा मुख्य रोख कानांवर. कढईचे, पातेल्याचे, कुकरचे कान. कढई पाण्याने काठोकाठ भरून मागायची, एकाच कानाने उचलायची, आणि गदागदा हलवायची. दुकानभर पाणी. मग दुसऱ्या कानाने. मग कान जोडणाऱ्या रिबिटांवरून अंगठा फिरवायचा. हे सगळं चालू असताना येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बजावायचं, की बाकी काही बघू नका, कान बघा, कान निसटला तर माणूस जातो. नव्या नवऱ्या घाबरून जायच्या. मला वाटायचं, हा माणूस जरा अतीच करतो.

माझं लग्न झाल्यावर ते एकदा आमच्या घरी चहाला आले. चहा राहिला बाजूला, हे सरळ स्वयंपाकघरात. माझ्या सासूबाई सोवळ्यातल्या नव्हत्या, पण परका पुरुष ओट्यापाशी येऊन भांडी उपडी करून बघतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या वेळी आमच्या घरात माझ्या पोळ्यांवरून रोज कीर्तन चालायचं. एका बाजूने करपतात, एका बाजूने कच्च्या राहतात, माहेरी काही शिकवलंच नाही, वगैरे. अण्णांनी तवा ओट्यावर ठेवून त्यावर बोट दाबलं. तवा डुगडुगला. "हा मधे उचललाय. याच्यावर कुणीही पोळी केली तरी अशीच होणार," ते म्हणाले आणि चहा प्यायला बाहेर गेले. तो तवा सासूबाईंनी स्वतः पसंत करून आणलेला होता. पुढच्या आठवड्यात बिडाचा तवा आला आणि घरातलं कीर्तन थांबलं. त्या दिवसापासून अण्णांविषयी कुणी वेडंवाकडं बोललं की मी भांडायला उठायची.

त्यांच्या घरची हकीगत मला फार उशिरा कळली. ते पर्वतीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत राहायचे, ते आणि मुलगी मेधा. बायको वारलेली, एवढंच सगळ्यांना माहीत. स्वयंपाक अण्णा स्वतः करत. एका शनिवारी, कुणाच्या तरी कुकरची खरेदी आटोपून आम्ही बसची वाट बघत उभे होतो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. मेधा सात वर्षांची होती. रविवार होता. बायको जमिनीवर वातीचा स्टोव्ह ठेवून पुऱ्या तळत होती. कढईचा कान निसटला, कढई कलंडली आणि सगळं तेल तिच्या अंगावर आलं. दवाखान्यात काही दिवस काढले तिने, पण जखमा चिघळल्या आणि ती गेली. "कढई मीच आणली होती," ते म्हणाले. दुकानात सांडणारं ते पाणी मला आठवलं आणि इतकी वर्षं आपण मनात हसत होतो याची लाज वाटली.

बायकोच्या दुःखाइतकीच त्यांना चिंता होती मेधाची. त्या दिवसानंतर पोरगी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हती. पाणी प्यायचं तर उंबऱ्याबाहेरून मागायची. शाळा झाली, इंजिनिअरिंग झालं, हुशार, शांत, कुणाला दुखवायची नाही. पण गॅस पेटवायची वेळ आली की अण्णांना हाक मारायची. अण्णांनी किती वेळा तिला नवी कढई दाखवली असेल, तिच्यासमोर कान ओढून दाखवले असतील. बघ, हा निसटणार नाही, बघ किती पक्का आहे. ती बघायची, मान हलवायची आणि उठून जायची. अण्णांना तिच्या नोकरीचं कौतुक नव्हतं असं नाही, पण त्यांच्या बोलण्यात एकच येई. मला एकदा म्हणाले, "माझं काही मागणं नाही हो. एकदा तिने स्वतः गॅस पेटवावा आणि मला कपभर चहा करून द्यावा. म्हणजे सुटली असं मी समजेन." सुटली म्हणजे कशातून, हे मी तेव्हा विचारलं नाही. भीतीतून, असंच मी धरून चालले.

मेधाच्या संसाराची भांडी त्यांनी वर्षानुवर्षं जमवली. प्रत्येक दिवाळीला एक. बरोबर बहुतेक वेळा मी असायची, कारण बाईमाणूस सोबत असलं की दुकानदार आपल्याला वेडा समजत नाहीत, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते आम्हा दोघांनाही समजत. तांब्याच्या बुडाची पातेली, पितळी परात, बिडाचा तवा, आप्पेपात्र, दोन सुऱ्या, एक विळी. सुऱ्यांच्या वेळी पुन्हा तोच घोळ, मुलीला सुरी कशी द्यायची. शेवटी त्यांनी त्या मला घ्यायला लावल्या आणि मेधाला माझ्याकडून विकत घ्यायला लावल्या. तिने हसत माझ्या हातावर एक नाणं ठेवलं. तिला हसताना मी फार क्वचित पाहिलं होतं.

लग्नात रुखवताच्या टेबलावर लोकांच्या अपेक्षेप्रमाणे साखरेचे किल्ले नव्हते, लोकरीचे ससे नव्हते. होती ही अवजड भांडी, ओळीने मांडलेली. अण्णा शेजारी उभे. येईल त्या बाईला कढई उचलून बघायला लावत होते. वरपक्षाकडच्या बायका पदराआड हसल्या. एकजण पुटपुटली, की हॉटेल काढायचंय वाटतं मुलीला. मी तिच्याकडे असं बघितलं की ती जेवणाच्या पंगतीपर्यंत गप्प राहिली. मेधा शालू नेसून लांबूनच बापाकडे बघत होती. मला वाटलं, पाठवणीच्या विचाराने तिचे डोळे भरले असतील.

ती हडपसरला राहायला गेली. नवरा तिच्याच क्षेत्रातला, सरळ मुलगा. मोठी सोसायटी, आठव्या मजल्यावर फ्लॅट. निवृत्त झालेले अण्णा रविवारी स्वारगेटहून बस पकडायचे आणि तिकडे जायचे. एकदा मलाही घेऊन गेले. ओटा इतका स्वच्छ की त्यावर कधी काही शिजलं असेल असं वाटू नये. स्वयंपाकाला जवळच्या वस्तीतल्या एक मावशी येत होत्या. अण्णांनी त्यांना कढईबद्दल विचारलं. मावशींनी वरच्या कपाटाकडे बोट दाखवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सगळी भांडी तिथे होती.

"लई जड हायती, काका," मावशी म्हणाल्या. "मला उचलत न्हाईत. आन ताई तर सैपाकघरात येतच न्हाईत. पाणीबी म्याच नेऊन देते."

अण्णांनी मावशींची सुरी तेवढी बघितली, धार लावून दिली आणि बाहेर येऊन बसले. चहा मावशींनीच आणला. मेधा समोर बसून बापाला बिस्किटं वाढत होती, औषधं वेळेवर घेता का विचारत होती. तिचं प्रेम दिसत होतं, त्यात काही खोट नव्हती. परतताना येरवड्याला राहणाऱ्या माझ्या भावाकडे मला जायचं होतं, ते मी रद्द केलं आणि त्यांना घरापर्यंत सोडून आले.

पुढे त्यांना पोटाचा आजार निघाला आणि उपाय करण्याची वेळ गेलेली होती. मेधा रजा घेऊन त्यांच्या दोन खोल्यांत राहायला आली. रात्रंदिवस त्यांच्या उशाशी असायची, अंग पुसायची, कपडे बदलायची. डबा खानावळीतून यायचा, पेज मी किंवा शेजारीण करून द्यायची. एका दुपारी ती औषधं आणायला गेली होती आणि मी अण्णांजवळ बसले होते. त्यांनी मला दार लोटायला सांगितलं.

"ती कढई चांगली होती," ते म्हणाले.

मला आधी समजेना ते कशाबद्दल बोलताहेत. मग त्यांनी थांबत थांबत सगळं सांगितलं. त्या रविवारी ते दारात वर्तमानपत्र वाचत बसले होते. मेधा बाहेरून पळत आली, पुरी मागायला. स्टोव्हजवळून जाताना तिच्या परकराची झालर कढईच्या कानात अडकली. कढई कलंडली ती पोरीच्या बाजूला. आईने तिला ढकललं आणि स्वतः मधे आली. सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांच्या सासुरवाडीची माणसं जमली. सासू छाती पिटत विचारत होती, कसं झालं, कसं झालं. अण्णांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आता आपण जे बोलू ते या पोरीला जन्मभर चिकटणार. त्यांच्या नात्यात अशी एक मुलगी होती, जिच्या जन्मावेळी आई गेली होती. ती म्हातारी झाली तरी लोक तिच्यामागे म्हणत, हिने आईला खाल्लं.

"मी म्हणालो, कान निसटला," अण्णा म्हणाले. "बोलून गेलो आणि मग आठवलं, कान तर शाबूत आहे. बायकोचे कपडे आणायचे म्हणून घरी आलो. पोरीला शेजारी ठेवलं होतं. वरवंटा घेतला आणि कान तोडला. सहजासहजी तुटेना. सांगितलं ना, चांगली कढई होती."

पुढचं ते फार हळू बोलत होते. एकदा कान निसटला म्हटल्यावर ते निभवायला हवं होतं. कान न तपासता दुकानातून भांडं घेतलं असतं तर लोकांना शंका आली असती. म्हणून ते बोलत राहिले, ऑफिसात, दुकानात, लग्नात, आणि सगळ्यांत जास्त मेधासमोर. तिच्या मनात काही धूसर आठवण असलीच तर ती पुसली जावी, कान निसटला हेच तिला खरं वाटावं. मी त्यांचा हात धरून बसले होते. शनिवारामागून शनिवार त्यांच्याबरोबर हिंडले, आणि ह्यातलं काही मला कळलं नव्हतं.

"पण मग ती ओट्याशी का जात नाही?" त्यांनी मला विचारलं, जणू मला उत्तर ठाऊक असणार. "तिचा काही दोष नाही असंच तर तिला माहीत आहे. मग एवढं खोटं बोलून मी मिळवलं काय?"

मी विचारलं, आता तरी तिच्याशी बोलता का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिला यातलं काही ठाऊक नाही, आणि मी ठाऊक होऊ देणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. तेवढ्यात मेधा औषधं घेऊन आली. त्यानंतर आठवडाभरात ते गेले. तिच्या हातचा चहा त्यांना मिळाला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर खोल्या मालकाला परत द्यायच्या होत्या. आवरायला मेधाने मला बोलावलं. तिने बाहेरच्या खोलीतलं सगळं आवरलं, कपडे, पुस्तकं, देवाच्या तसबिरी. मी स्वयंपाकघरात होते. मधल्या उंबऱ्यापाशी येऊन ती खाली बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काकू, अण्णांनी तुम्हाला सांगितलं ना?" ती म्हणाली. "त्या दिवशी दार लोटलेलं होतं."

मी भांड्यांत तोंड घालून बसले. खोटं बोलायला मला जमत नाही आणि खरं न बोलण्याचा शब्द दिलेला.

"मला शेजारी ठेवलं होतं. पण अण्णांची चाहूल लागली म्हणून मी पळत घरी आले. ते इथे, आत्ता तुम्ही बसलात तिथे बसून कढईवर वरवंटा घालत होते. रडत होते आणि मारत होते. मी इथे उभी होते. त्यांनी मागे बघितलंच नाही. माझा परकर अडकला, एवढं मला कळलं होतं काकू. पण ते किती वाईट आहे, ते मला त्यांच्याकडे बघून कळलं. आपण असं काहीतरी केलंय की अण्णांना ते लपवावं लागतंय. मग ते दुकानादुकानात कान ओढत हिंडायचे. आणि दरवेळी मला वाटायचं, आज परत माझ्यासाठी."

तुम्ही दोघं एकदा तरी बोलला असतात, असं काहीतरी मी म्हणाले. ऐकून ती रागावली नाही.

"मी काय बोलणार? त्यांनी एवढं सांभाळलेलं. त्यांना वाटत होतं मी वाचले. ते कसं मोडायचं? त्याच दिवशी एक धपाटा घालायला हवा होता हो माझ्या पाठीत. ओरडायला हवं होतं, की काय केलंस हे. मी रडले असते. त्यांच्याच कुशीत रडले असते, आणि झालं असतं."

तिला जवळ घ्यायला म्हणून मी उठून उंबऱ्याशी गेले आणि तिला आत चल म्हणाले. ती नाही म्हणाली. बराच वेळ ती बाहेरच बसून होती. आतलं सगळं मी एकटीनेच आवरलं.